घरचा बार, गावठी लिंबू

मागच्या अंकात उन्हाळी सरबतांवर लिहिलं. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच विचारणा होती : ताई, घरी साधं कॉकटेल कसं करायचं तेही सांगा. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. पत्रांतली नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत. गोव्यात दारू पिण्याचं कायदेशीर वय १८ आहे. त्याखालच्या वाचकांनी पर्वरीच्या पत्राचं उत्तर वाचावं, त्यातलं पेय त्यांच्यासाठीही आहे.

आम्हा दोघांनाही कॉकटेल आवडतं, पण हॉटेलचं बिल परवडत नाही. घरी करायचं म्हणून यादी काढली, तर सतरा-अठरा बाटल्या झाल्या. सुरुवात कुठून करावी? – फोंडा

यादी बाजूला ठेवा आणि एकच बाटली आणा. जिन आवडत असेल तर जिन, नाहीतर पांढरी रम. महाग नको, पण अगदी तळातलीही नको. जिनसाठी आता लांब जायला नको. ग्रेटर दॅन २०१७ साली आली, स्ट्रेंजर अँड सन्स त्याच्या पुढच्या वर्षी, आणि दोन्ही गोव्यातच तयार होतात.

एका जिनच्या बाटलीवर तीन पेयं शिका : जिन अँड टॉनिक, गिमलेट आणि टॉम कॉलिन्स. टॉम कॉलिन्स सगळ्यांत सोपं. उंच ग्लासात बर्फ, ६० मिली जिन, २५ मिली लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक, वर थंडगार सोडा आणि चमच्याने एकदाच खालून वर. रम आणली असेल तर डायकिरी, मोहितो आणि क्यूबा लिब्रे, म्हणजे रम आणि कोक. बघा, टॉनिक आणि कोकची बाटली सोडली तर दोन्हीकडे लागतं तेच : लिंबू, साखर, सोडा, मोहितोला थोडा पुदिना. हे तुमच्या घरात आहेच.

पैसे घालायचेच असतील तर आधी पेग मेजरवर घाला. एका बाजूला ३० मिली, दुसऱ्या बाजूला ६० मिली असं स्टीलचं मिळतं. ५ आणि १० मिलीसाठी खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं प्लास्टिकचं मापसुद्धा चालतं, स्वच्छ धुऊन घ्या. निळी, हिरवी गोड लिकर घेऊ नका. एकदा उघडली की ती वर्षानुवर्षं कपाटात पडून राहते. दुसरी बाटली घ्यायची वेळ येईल तेव्हा अँगोस्टुरा बिटर्सची, म्हणजे कडू मसालेदार अर्काची, छोटी बाटली घ्या. थेंब-थेंब लागते, खूप पुरते.

डायकिरी करून बघते. एकदा आंबट होते, एकदा गोड, एकदा नुसतं पाणी. कृतीत लिहिल्याप्रमाणे 'एका लिंबाचा रस आणि दोन चमचे साखर' घालते. चुकतं कुठे? – डिचोली

तुमचं काही चुकत नाही, कृती चुकीची लिहिली आहे. 'एक लिंबू' हे मापच नव्हे. बाहेरच्या पुस्तकांत लिहिलेलं लाइम मोठं, जाड सालीचं असतं. त्यातून ३० मिली रस सहज निघतो. आपलं कागदी लिंबू लहान. म्हापशाच्या बाजारात पावसाळ्यात रसरशीत मिळतं आणि मेमध्ये तेच लिंबू महाग आणि कोरडं. एकातून २० मिली निघतो, दुसऱ्यातून दहासुद्धा निघत नाही. म्हणून लिंबं मोजू नका, रस मोजा.

डायकिरीचं माझं माप लिहून घ्या : पांढरी रम ६० मिली, लिंबाचा रस २५, पाक २०. आधी हे जसंच्या तसं करा. मग तुमच्या जिभेप्रमाणे पाक ५ मिलीने वर-खाली करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

साखर सरळ टाकू नका. थंड दारूत ती विरघळत नाही, तळाशी बसते. म्हणून पहिला घोट आंबट आणि शेवटचा गोड लागतो. १०० ग्रॅम साखर आणि १०० मिली गरम पाणी, साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, बस. साधारण १६० मिली पाक होतो. आटवू नका, एकतारी पाक इथे कामाचा नाही. गार झाला की स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन आठवडे टिकतो. गढूळ दिसला तर टाकून द्या.

लिंबू कापण्याआधी तळहाताखाली ओट्यावर दाबून फिरवा. पिळताना शेवटचा थेंब काढायच्या हट्टाला पेटू नका, सालीचा कडवटपणा रसात उतरतो. रस गाळून घ्या आणि त्याच संध्याकाळी वापरा. रात्रीचा उरलेला रस सकाळी वरणात घाला, कॉकटेलमध्ये नको. आणि बाटलीतला तयार 'लेमन ज्यूस' कितीही सोयीचा वाटला तरी घेऊ नका. या पेयात तीनच जिन्नस आहेत, त्यातला एक शिळा असेल तर लपायला जागा नाही.

आता 'नुसतं पाणी' होतं त्याबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. पाणी शत्रू नाही, ते या पेयाचा चौथा जिन्नस आहे. ६० मिली रम, २५ मिली रस, २० मिली पाक मिळून १०५ मिली होतात आणि त्यात अल्कोहोल साडेचोवीस टक्के भरतं. हे तसंच प्यायलं तर घशाला लागतं. बर्फाबरोबर हलवल्यावर तीस-पस्तीस मिली पाणी आत येतं आणि पेय १८-१९ टक्क्यांवर उतरतं. तिथे ते गोड-आंबट-कडक असं एकजीव लागतं. म्हणजे पाणी हवंच, पण मोजकं. ओला, अर्धवट विरघळलेला बर्फ घेतला तर पेय गार व्हायच्या आत दुप्पट पाणी होतं. दोनच तुकडे घेतले तरी तेच. म्हणून फ्रीजरमधून थेट काढलेला, कडक बर्फ घ्या आणि भांडं पाऊण भरा. बर्फ जास्त घातला की पाणी जास्त होईल अशी भीती सगळ्यांना वाटते. होतं उलट : बर्फ भरपूर असला की पेय पटकन गार होतं आणि वितळणं थांबतं.

शेकर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची जॅमची बाटली घ्या. झाकण लावून टॉवेलात धरा आणि खांद्याच्या उंचीवर जोरात हलवा, दहा ते पंधरा सेकंद. कान देऊन ऐका. सुरुवातीला बर्फ खणखण वाजतो, मग कडा झिजल्या की आवाज बोथट होतो. स्टीलचं भांडं असेल तर बाहेरून पांढरी साय धरते आणि बोटं चिकटायला लागतात. तिथे थांबा. गाळणीतून गार ग्लासात ओता, आणि लगेच प्या. डायकिरी वाट बघत नाही.

तुम्ही डिचोलीच्या, म्हणून एक सांगते. डायकिरी हे क्यूबातल्या सँटियागोजवळच्या एका गावाचं नाव. तिथे लोखंडाच्या खाणी होत्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या अमेरिकन खाण अभियंत्यांमध्ये हे पेय रुळलं. तुमच्या गावासारख्याच खाणीच्या गावाचं पेय आहे हे.

घरच्या बर्फाला बांगड्याचा वास येतो. काय करावं? – वास्को

बर्फ वास ओढून घेतो, आणि आपल्या फ्रीजरमध्ये मासळी असणारच. बर्फाचा ट्रे उघडा ठेवू नका. तुकडे गोठले की झाकणाच्या घट्ट डब्यात काढा, आणि आठवड्याहून जुना बर्फ कॉकटेलला वापरू नका. मासळीही पिशवीत नको, डब्यात ठेवा. पाहुणे येणार असतील तर आदल्या रात्री स्टीलच्या लहान डब्यात पाणी गोठवा. सकाळी ती लादी काढून स्वच्छ फडक्यात गुंडाळा आणि बत्त्याने फोडा. मोठे तुकडे हळू वितळतात, दिसतातही छान. वास आला तर तो बर्फ टाकून द्या. चांगली जिन त्यात घालवू नका.

सासरे म्हणतात, फेणीत काही मिसळणं म्हणजे फेणीचा अपमान. पण पुण्याचे पाहुणे येतात ते वासानेच मागे सरकतात. मधला मार्ग आहे का? – पेडणे

तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. माझं माहेर सत्तरी तालुक्यातलं, वडिलांची स्वतःची भट्टी होती. झाडावरून आपोआप गळलेलं काजूचं पिकलं बोंडूच घ्यायचं, तोडायचं नाही. ते मळून, दाबून रस काढायचा, काही दिवस आंबू द्यायचा, मग भाणात, म्हणजे दारू गाळायच्या भांड्यात, चढवायचा. पहिल्या धारेचा तो हुर्राक. तोच पुन्हा चढवला की फेणी. इतक्या मेहनतीची वस्तू कुणी डोळे मिटून कोल्ड्रिंकमध्ये ओतली की जुन्या माणसांना वाईट वाटणारच. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ साली सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. पण मान देणं म्हणजे कपाटात ठेवणं नव्हे. माणसं प्यायली तरच भट्ट्या टिकतील.

आता तुमचे पाहुणे. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं. त्याच ब्राझीलचं घराघरातलं पेय म्हणजे कायपिरिन्या : उसाच्या रसाची दारू, लिंबू आणि साखर. ती दारूही अशीच रांगडी, आणि लिंबाच्या सालीतलं तेल तिला नेमकं सावरतं. फेणीला हीच पद्धत लागू पडते.

एक रसरशीत लिंबू घ्या, दोन्ही टोकं कापा, उभे दोन भाग करा आणि मधली पांढरी दोरी काढून टाका. ती कडू असते. आठ फोडी करून जाड बुडाच्या ग्लासात घाला, वर दोन लहान चमचे साखर. बत्त्याने चार-पाच वेळा दाबा. कुटू नका, साल फाटली की कडू होतं. रस सुटला आणि साखर ओली झाली की पुरे. इथे साखर दाणेदारच हवी, कारण तिचे दाणे सालीवर घासले जाऊन तेल सुटतं. मग फेणी ४५ मिली. रमसारखी ६० नको, फेणीचा गंध रमपेक्षा कितीतरी मोठा आहे. ग्लास फोडलेल्या बर्फाने भरा, ढवळा, द्या. पाहुण्याला ग्लास हातात देताना 'वास येईल हं' असं आधीच सांगू नका. पिकलेल्या बोंडूचा गंध आहे, असं सांगा.

कोकम आगळ घालूनही छान लागते : फेणी ४५, आगळ १५, पाक २०, आल्याचा रस अर्धा चमचा, वर सोडा. आगळात मीठ असतंच, वेगळं घालू नका.

आणि सासऱ्यांना त्यांची फेणी हवी तशीच द्या, छोट्या ग्लासात, सोबत खारवलेली कैरी.

फेणी घेताना परवाना असलेल्या दुकानातून किंवा ओळखीच्या भट्टीवरूनच घ्या. वडील दोन थेंब तळहातावर चोळून हुंगायचे. स्पिरिट उडून गेल्यावरही फळाचा वास मागे राहिला तर माल खरा, नुसता तिखट भपका येऊन गेला तर भेसळ, असं ते म्हणत. मीही तसंच करते. हुर्राकाचं मात्र कॉकटेल करायला जाऊ नका. तो फेणीहून बराच सौम्य, आणि मार्च ते मेपर्यंतच मिळणारा. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिंबाचा सोडा, याच्या पलीकडे त्याला काही लागत नाही.

मार्टिनीसाठी व्हर्माउथ आणली होती. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा उघडली तर शिळ्या व्हिनेगरसारखी. बाटली खराब निघाली का? – मडगाव

बाटली चांगलीच असणार, ठेवण्यात घोळ झाला. व्हर्माउथ म्हणजे वाइनच, थोडी कडक केलेली. जिनसारखी ती कपाटात राहत नाही. उघडली की लगेच फ्रीजमध्ये, आणि महिना-दीड महिन्यात संपवायची. आपल्याकडच्या दमट उन्हाळ्यात तर बाहेर ठेवायचीच नाही. लहान बाटली मिळाली तर तीच घ्या. बिघडलेली मार्टिनीत घालू नका.

घरात कायम फक्त ओल्ड मंक असतो. त्याचं कोक सोडून काही होतं का? – साखळी

ओल्ड फॅशन्ड होतं, आणि फार सुंदर होतं. मूळ पेय व्हिस्कीचं : ६० मिली व्हिस्की, थोडी साखर, अँगोस्टुराचे दोन-तीन शिडकावे, संत्र्याची साल. रमला साखरेऐवजी माडाचा गूळ घ्या. आपल्याकडे बाजारात काळेभोर, सुळक्यासारखे गुळाचे खडे मिळतात ना, तोच. खडा किसून, तेवढ्याच वजनाच्या गरम पाण्यात विरघळवून, फडक्यातून गाळा. ओल्ड मंक आधीच गोडसर असतो, म्हणून हा पाक फक्त ५ मिली. चमचाभरसुद्धा जास्त झाला तर पेय चिकट लागतं. बिटर्सचे तीन शिडकावे, एक मोठा बर्फाचा तुकडा, आणि अर्धा मिनिट शांतपणे ढवळायचं.

इथे हलवायचं नाही. ज्यात लिंबू, अंडं किंवा साय आहे ते हलवा. ज्यात नुसती दारू आहे ते ढवळा. हलवल्याने हवेचे बुडबुडे शिरतात. ते डायकिरीला हवेत, इथे नकोत.

सालीसाठी नागपुरी संत्रं जरा पातळ पडतं, जाड सालीचा माल्टा मिळाला तर बरा. पांढरा भाग सोडून रुपयाएवढा तुकडा काढा, ग्लासावर धरून दुमडा. तेलाचा बारीक फवारा वरच्या थरावर बसतो, उजेडात धरलं तर दिसतो. तेच या पेयाचं नाक आहे.

पार्टीत दोघीतिघी पीत नाहीत, त्यांच्या हातात बाटलीतलं कोल्ड्रिंक द्यायला बरं वाटत नाही. शिवाय परत गाडी चालवणारे असतातच. – पर्वरी

हे पत्र वाचून फार बरं वाटलं. न पिणाऱ्या पाहुण्यासाठीही तेवढीच मेहनत घ्या, आणि ग्लास तोच द्या. कोकम आगळ २०, माडाच्या गुळाचा पाक २५, आल्याचा रस पाव चमचा, लिंबाचे चार थेंब. बर्फाबरोबर हलवा, गाळा, वर १२० मिली सोडा. कडेला पुदिन्याचं पान तळहातावर एकदा आपटून ठेवा. यात बिटर्स घालू नका. अँगोस्टुरात ४४.७ टक्के अल्कोहोल असतं. शिडकाव्याने नशा येत नाही हे खरं, पण जी व्यक्ती औषधामुळे, गरोदरपणामुळे किंवा श्रद्धेने घेत नाही, तिला न सांगता एक थेंबही देऊ नये.

गाडीबद्दल स्पष्ट लिहिते. आपल्या कायद्यात मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ६० मिलीच्या एका पेगात सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. सडपातळ माणूस तेवढ्या एकाच ग्लासाने मर्यादा ओलांडू शकतो. कॉकटेलमध्ये तर गोडव्यामुळे कळतही नाही. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याने तोंड धुणं, कशानेही उतरत नाही; वेळ गेला तरच उतरते. चालवणाऱ्याच्या हातात पहिल्यापासून कोकमचा ग्लास द्या. ज्यांनी घेतली आहे त्यांच्यासाठी गादी घाला.

शाकाहारी आहोत. व्हिस्की सावरवर अंड्याचा फेस असतो तो कशाने आणावा? – म्हापसा

काबुली चणे शिजवलेल्या पाण्याने. बिनमिठाचं हवं आणि थोडं दाट हवं. व्हिस्की ६०, लिंबू २५, पाक २० आणि हे पाणी २० मिली. आधी बर्फाशिवाय हलवा, मग बर्फ घालून. फेस बसतो आणि चण्याची चव येत नाही.

घरी बारा पाहुणे येणार आहेत. प्रत्येकाला वेगळं करत बसले तर बोलायला मिळायचं नाही. आधी करून ठेवता येईल असं काही? – काणकोण

निग्रोनी करा. इटलीत फ्लोरेन्सला १९१९च्या सुमारास काउंट निग्रोनीच्या फर्माइशीवरून हे पेय झालं असं सांगतात. जिन, कँपारी (इटलीची कडू लाल लिकर) आणि गोड लाल व्हर्माउथ, तिन्ही समसमान. लिंबू नाही, म्हणून आधी करून ठेवलं तरी नासत नाही.

एका पेयाला तिन्ही ३०-३० मिली लागतात. तुम्ही २००-२०० मिली घ्या, ६०० झाले. आता पाणी विसरू नका. एरवी बर्फावर ढवळताना जे पाणी मिसळतं ते इथे आपणच घालायचं : १४० मिली, पिण्याचं, स्वच्छ. सगळं मिळून ७४० मिली, म्हणजे ७५० मिलीच्या रिकाम्या, धुतलेल्या बाटलीत बरोबर बसतं. झाकण लावून आदल्या रात्री फ्रीजमध्ये. अशा दोन बाटल्या भरा, म्हणजे बारा जणांना एकेक ग्लास पुरून थोडी उरते. गार ग्लासात एक मोठा बर्फ, वरून ११० मिली ओता आणि संत्र्याची साल. कडू आवडत नसेल अशांसाठी सोड्याची एक बाटली शेजारी ठेवा. निग्रोनी कडक असते, म्हणून दुसरा ग्लास देण्याआधी जेवण वाढा.